निगेटिव्हमध्ये एवढं सगळं होतं!

अहो, निगेटिव्हमध्ये केवढं काही असतं! वेरूळच्या जुन्या सहलीची पट्टी प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८२००आय या स्कॅनरमध्ये सरकवली आणि स्क्रीनवर कैलास लेण्याचं प्रांगण उघडलं. सोंड तुटलेला दगडी हत्ती, शेजारी आई, तिच्या साडीचे काठ. आणि अगदी कडेला, हातात फिरकीचा तांब्या घेतलेले आजोबा! अल्बममधल्या पोस्टकार्ड साइझ फोटोत ते कधी दिसलेच नव्हते. प्रिंट काढताना कड कापली गेली होती.

स्कॅनर घेताना खोक्यावरच्या डीपीआयवर अजिबात जाऊ नका. एप्सन व्ही६००वर ६४०० लिहिलेलं असतं; चाचण्यांत प्रत्यक्ष हाती लागतात १६००च्या आसपास. प्लसटेकवर ७२००, मिळतात सव्वातीन हजारांच्या घरात. ३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. म्हणजे एप्सनवर जेमतेम साडेतीन मेगापिक्सेल आणि प्लसटेकवर चक्क चौदा! मात्र प्लसटेक ३५ मिमीशिवाय दुसरं काही घेत नाही. घरात आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या, १२० रोलच्या चौकोनी निगेटिव्ह असतील तर एप्सनच बरा. त्या मुळातच इतक्या मोठ्या की १६००लाही बारा मेगापिक्सेल निघतात. म्हणून आधी माळ्यावरचा डबा उतरवायचा, आत काय आहे ते बघायचं, मग दुकानाची पायरी चढायची. आमच्या डब्यात जवळपास सगळं ३५ मिमीच निघालं, प्रश्नच मिटला.

पण खरी कमाल इन्फ्रारेडची! रंगीत फिल्मवरचे रंग इन्फ्रारेड किरणांना अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे अडवतात. स्कॅनर दुसऱ्या फेरीत फक्त हा कचरा टिपतो, त्याचा नकाशा करतो आणि तेवढीच जागा आजूबाजूच्या रंगांवरून भरून काढतो. आपल्या मराठवाड्याच्या धुळीत वर्षानुवर्षं पडलेली ती पट्टी! आईच्या कपाळावरून गेलेला लांबलचक ओरखडा बघता बघता नाहीसा झाला. मी खुर्चीतून उठून अख्ख्या घराला हाका मारल्या.

कृष्णधवल फिल्मला ही सोय चालत नाही, कारण तिथलं चित्र चांदीचं असतं. चांदी इन्फ्रारेडला अडवते, त्यामुळे यंत्राला चित्रच कचरा वाटतं. तिथे इन्फ्रारेड बंद ठेवायचं, ब्लोअरनं धूळ उडवायची, पट्टी कडांना धरायची. आईबाबांच्या लग्नाच्या पट्ट्या तशाच आहेत. ब्लोअर आणलाय, आज रात्री त्याच घेणार, मग काकाच्या मुंजीच्या!