वासाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनावर लिहावे म्हणजे तराजूने ताप मोजण्यासारखे आहे, असे आमचे विज्ञान शाखेचे मित्र म्हणतील. म्हणोत बापडे! आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे (२०२३ पासून हा मध्यप्रदेशातील स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा) धान्याचा भाव बोलण्याआधी मूठभर दाणे नाकाशी नेतात, आणि भाव हा तर आमचाच विषय.

मोड आणलेले धान्य वाळवून भाजले की गोडसर, खरपूस वास सुटतो. आपल्याला तो एकच वाटतो. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र मात्र त्याची फोड करते. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी ही पद्धत मांडली. लांबलचक, बारीक नळीतून धान्याची वाफ वायूबरोबर सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि आलेखावर एकेक शिखर उमटते. मिथाइलब्युटॅनलचा वास माल्टसारखा, मेथिओनलचा उकडलेल्या बटाट्याचा, पायराझिनांचा भाजल्याचा. मौज अशी, की नळीच्या टोकाशी कित्येकदा माणसालाच नाक लावून बसवतात! कारण यंत्राला जे ठळक दिसते त्याला वास असतोच असे नाही, आणि यंत्राला जेमतेम जाणवणारा अंश कधी कधी नाकाला पुरून उरतो. हे वाचताना मला आजी आठवली. मोडाचे गहू फडक्यातून काढताना ती हमखास बजावते, "आंबूस वास आला त ढोराले टाक, लेकराले नको देऊ."

परंतु ज्वारीपुढे आजीचेही नाक हरते.

कर्नाटकात २०२४ मध्ये सरकारी शाळांतील मुलांना दुधातून रागी माल्ट देण्यास सुरुवात झाली, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नकोच. सुट्टीत मी ही गोष्ट गावी सांगितली, तेव्हा बचतगटाच्या काकूंनी ठरवले, की आपण ज्वारीचे मोडाचे पीठ करून विकू या. खर्चाचा तक्ता माझ्याकडे आला. नफा बरा दिसत होता.

पण ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरीन नावाचे द्रव्य असते. कोंब चुरडला की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. पावसाने ताण दिलेल्या शेतातील कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, किराळ लागली म्हणतात, ती हीच. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभर ग्रॅम बियांपासून आलेल्या मोडांत सरासरी ६१ मिलिग्रॅम सायनाइड भरले. मोठ्या माणसाचा जीव घ्यायला ५० ते ६० पुरते. त्याला कडू बदामासारखा वास असतो खरा, पण काही माणसांना तो जन्मतःच येत नाही. आणि ज्यांना येतो त्यांनी तरी भाजलेल्या पिठाच्या घमघमाटात तो शोधायचा कसा? दाणे वाळवून मुळ्या-कोंब चोळून काढले, की प्रमाण पुष्कळ घटते. मात्र किती घटले, हे प्रयोगशाळाच सांगेल.

म्हणून तक्त्यात मी 'तपासणी' अशी एक ओळ वाढवली. नफा निम्म्यावर आला. काकू म्हणाल्या, "बापू, इतके पैसे त कागदालेच जातीन."

"मग तवरक गव्हाचं करा, काकू. लेकरं खातीन थे."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, गहू त गहू. पण ज्वारीचा नमुना कुठं धाडा लागते, थो पत्ता लेहून ठेव."