थंडी नक्की कोणाची?

नोव्हेंबर उजाडला की मराठी वर्तमानपत्रांत निफाडचा पारा छापून यायला लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा एक अंकी झाला, की राज्यात थंडी आली असे समजायचे. मुंबईकर ती बातमी पंख्याखाली बसून वाचतो.

थंडीची अपेक्षा आपण दिवाळीला बांधून ठेवली आहे. अभ्यंगस्नानाला अंगावर काटा यायलाच हवा! पण 2023 साली अधिक श्रावण आला आणि नरकचतुर्दशी 12 नोव्हेंबरपर्यंत लांबली. 2025 मध्ये ती 20 ऑक्टोबरलाच होती. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख आता 8 ऑक्टोबर मानतात. मग ऑक्टोबरातल्या दिवाळीत घाम आला, तर हवामानाला कशाला बोल लावायचा?

महाराष्ट्राची थंडी तशी उसनीच. उत्तरेचे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश जुळून आले, की जमीन रात्रीत दिवसाची उष्णता सोडून देते. ढग आले की तीच उष्णता गोधडीखाली राहावी तशी अडकते. नोव्हेंबर 2024 अखेरीस राज्य चांगलेच गारठले होते. 30 तारखेला ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकले, आणि डिसेंबर लागतो न लागतो तोच इकडे आभाळ भरून थंडी गायब झाली. वादळ बंगालच्या उपसागरातले, स्वेटर पुण्यातले कपाटात.

हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचा अंदाज देतो. त्यात ‘किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता’ असे आले, की मथळा तयार: यंदा थंडी कमी! हे वाचन घाईचे आहे. तिमाहीची सरासरी अंशभर चढली तरी मधल्या चार रात्री हुडहुडी भरवू शकतात. शिवाय ती सरासरीही जागेवर बसलेली नाही. पूर्वी 1981 ते 2010 या काळाशी तुलना होई, आता 1991 ते 2020 शी होते. आजीच्या आठवणीतली थंडी या हिशेबात धरलेलीच नाही.

त्या चार रात्रींची खरी धास्ती नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला. ऑक्टोबर छाटणीनंतर पारा फार उतरला, तर मण्यांची फुगवण मंदावते आणि तयार मण्यांना तडे जातात. मग बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होते. ढगाळ उबेतही सुटका नाही, कारण डाऊनी आणि भुरी हे रोग टपलेलेच असतात. रत्नागिरीचा हापूसवाला मात्र मोहोरासाठी त्याच गारठ्याची वाट पाहत असतो. एकाच रात्रीसाठी दोघांचे नवस उलटे.

तिमाही अंदाजावर शाल घ्यायची की नाही एवढे खुशाल ठरवावे. बागेसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्लाच वाचावा. त्यात पुढच्या पाच दिवसांचे किमान तापमान तारखेनिशी दिलेले असते.