लागली तर लागली

पेंटबॉल खेळताना माणूस किती शूर असतो, हे तो मुळात कसा आहे यावर फार कमी ठरतं. गोळी लागल्यावर त्याला काय भरावं लागणार आहे, यावर जास्त ठरतं. मला हे एकाच दिवशी, त्याच बावीस माणसांवर तीनदा बघायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या डिसेंबरात ऑफिसची टीम आउटिंग मुळशीच्या बाजूला एका रिसॉर्टवर होती. नाश्ता, पेंटबॉल, जेवण, मग संध्याकाळी कोणीतरी कराओके गाणार, असा नेहमीचा बेत. ज्यांनी पेंटबॉल खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोटीएवढी गोळी असते, वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे औषधाच्या कॅप्सूलसारखं, आणि आत पाण्याने धुतला जाणारा रंग. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून ती सुटते. वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवायचा, असा सर्वसाधारण दंडक आहे. ३०० फूट म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे जवळून लागली तर चांगली झोंबते. मांडीवर रुपयाएवढा निळा-हिरवा डाग उठतो आणि आठवडाभर राहतो. पण नुकसान तेवढंच. शर्ट धुवायचा आणि बायकोला डाग दाखवायचा, संपलं.

आमच्या पॅकेजमध्ये माणशी ५० गोळ्या होत्या. जास्तीच्या हव्या असतील तर खिशातून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला डाव असा होता की एकदा गोळी लागली की हात वर करायचा, बाहेर जायचं आणि डाव संपेपर्यंत बाकड्यावर बसायचं. मैदानाच्या मध्ये एक झेंडा, तो उचलून आपल्या बाजूला आणला की जिंकलात. वीस मिनिटांची वेळ. आणि त्या वीस मिनिटांत काय झालं? काही नाही. बावीस धडधाकट माणसं टायरच्या ढिगामागे आणि पत्र्याच्या ड्रमांमागे उकिडवी बसून राहिली. रोज मीटिंगमध्ये "आपण अॅग्रेसिव्ह व्हायला पाहिजे" म्हणणारे आमचे सेल्सचे साहेब एका ड्रमामागे असे रुतले की मार्शलने जाऊन विचारलं, सर, ठीक आहात ना? झेंड्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. बहुतेकांनी गोळ्या टायरवर घालवल्या. काही जणांनी मात्र जपून ठेवल्या, त्यात आमच्या हिशेब खात्यातले एक काका. पन्नासातल्या एकेचाळीस त्यांनी परत आणल्या आणि पुढच्या डावाला वापरता येतील का, असं विचारलं.

बरं, भीती कशाची होती? मरणाची तर नाहीच. पहिली, लागल्यावर किती दुखतं हे माहीत नव्हतं. दुसरी, आणि माझ्या मते मोठी, पहिलाच बाद होऊन बाकड्यावर एकटं बसावं लागेल, आणि मग दिवसभर सगळे चिडवतील. एवढ्याशा किमतीलाही माणूस घाबरतो. किंमत शून्य नसली की पुरे.

दुसऱ्या डावाला मार्शलने नियम बदलला. गोळी लागली की मागे आपल्या बेसला जायचं, खांबाला हात लावायचा आणि परत मैदानात यायचं. कितीही वेळा. इथे जे झालं ते बघण्यासारखं होतं. तीच माणसं, तेच टायर, मध्ये फक्त दहा मिनिटांची पाणी प्यायची सुट्टी. शिट्टी वाजली आणि सगळे आरडाओरडा करत सुटले. टेस्टिंगमधली एक मुलगी, जी एरवी लिफ्टमध्ये चौथा माणूस आला तर जिन्याने जाते, ती सरळ तीन बंदुकांच्या तोंडावर धावत गेली. पाच गोळ्या लागल्या तिला. हसत मागे गेली, खांबाला हात लावला, परत आली. तीन मिनिटांत झेंडा हलला.

आमच्या इमारतीचे सिक्युरिटी सुपरवायझर आमच्यासोबत आले होते. सातारा जिल्ह्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना मेजर म्हणतात. आमच्या टीमने अर्थातच त्यांना कॅप्टन केलं होतं. दुसऱ्या डावात आम्ही दणकून हरलो, आणि त्याचं कारण मेजरच होते. ते सगळं बरोबर करत होते. दोघांना गोळीबार करायला लावायचा, समोरच्याचं डोकं खाली राहील तेवढ्यात दोघांनी पुढे सरकायचं. पण समोरचे डोकं खालीच घालेनात. गोळीबाराने माणूस दबतो कारण त्याला डोकं वाचवायचं असतं. ज्याला लागल्यावर फक्त खांबाला हात लावायला जायचंय, तो कशाला दबेल? मेजरांची तीस वर्षांपूर्वी शिकलेली सगळी विद्या त्या एका खांबाने निकामी केली. चोवीस वर्षांचं एक पोरगं त्यांच्या अंगावर रंग उडवून पळत निघून गेलं.

जेवताना मेजर याच्याबद्दल काही फार गंभीर बोलले वगैरे नाहीत, ते भाकरी चांगली आहे म्हणाले. त्यांना राग आला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. डाव थांबला की लोक मास्क वर करून घाम पुसत होते, आणि शेजारचा भरलेली बंदूक हातात हलवत गप्पा मारत होता. मेजर तिथे दोनदा ओरडले, अगदी परेडच्या आवाजात. "नळी खाली! मास्क खाली!" लोकांना वाटलं फौजी माणूस आहे, सवय आहे, उगाच ओरडतोय. पण या अख्ख्या खेळात एकच गोष्ट खोटी नाही, ती म्हणजे डोळा. त्या वेगाची गोळी उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो, म्हणूनच पूर्ण चेहऱ्याचा मास्क सक्तीचा असतो आणि गोळीबार बंद असताना नळीवर कव्हर चढवायचं असतं. मास्कच्या काचेवर वाफ धरते, दिसत नाही, म्हणून लोक तो वर करतात. आजूबाजूला सगळंच खोटं असलं की त्यातली एक खरी गोष्टही माणसाला खोटीच वाटायला लागते.

तिसरा डाव जेवणानंतर झाला. कोणीतरी टूम काढली की हरेल त्या टीमने परतीच्या वाटेवर सगळ्यांना मिसळ आणि चहा द्यायचा. माणशी दोनशे-अडीचशेचा मामला, फार नाही. नियम पुन्हा पहिल्या डावाचा, एक गोळी आणि बाहेर. मला वाटलं होतं की आता लोक जरा डोकं लावून खेळतील. लावलं की! पण खेळण्यात नाही. गोळी लागली की पटकन बाहीने रंग पुसायचा. "फुटली नाही, उडून गेली." "बंदुकीला लागली, मला नाही." "तू शिट्टीनंतर मारलीस." वीस मिनिटांच्या डावात निम्मा वेळ मार्शलशी हुज्जत. आमचे हिशेबवाले काका, ज्यांच्यावर मी डोळे मिटून सही करतो, त्यांनी स्वतःच्या पाठीवरचा रंग सकाळचाच आहे असं शपथेवर सांगितलं.

दुसऱ्या डावात एकानेही रंग पुसला नव्हता, हे मला नंतर जाणवलं. लोक स्वतःहून हात वर करत होते, "लागली, लागली" म्हणून ओरडत मागे जात होते. तेव्हा प्रामाणिकपणा फुकट होता. म्हणून पणाला काही नसलं की माणूस वाईटच वागतो, असं काही मी म्हणणार नाही. त्या एका डावात आम्ही सगळ्यात शूरही होतो आणि सगळ्यात सच्चेही.

हा खेळ सुरू झाला तोही अशाच एका वादातून. अमेरिकेत १९८१ साली, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात. दोन मित्रांचा वाद होता, एक शेअर बाजारातला शहरी माणूस, दुसरा रानावनात हिंडणारा लेखक. जीव वाचवायची वेळ आली तर शहरातला तरेल की जंगलातला? वाद मिटवायला त्यांनी झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला वापरतात त्या बंदुका आणल्या आणि बारा जण जंगलात उतरले. चार ठिकाणचे झेंडे गोळा करायचे, गोळी लागली की बाद. जिंकला तो एक वनकामगार. त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही. कोणाला न दिसता झाडाझाडांतून फिरला, झेंडे घेतले आणि परत आला. रानात रोज काम करणाऱ्याला दिसू न देणं जमलं, बाकीचे बंदुका घेऊन एकमेकांना शोधत राहिले.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं तो मुद्दा.

आमच्या ऑफिसचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात जवळजवळ हेच बावीस लोक आहेत. मे २०२५ मधला तो ग्रुप मी परवा पुन्हा वर सरकवून वाचला. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवली, पुणे, पनवेलची. राग खरा होता, माझाही होता, आणि त्याबद्दल मला कोणाला काही शिकवायचं नाही. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. त्यानंतरच्या रात्री मात्र आमचा ग्रुप म्हणजे हुबेहूब दुसरा डाव. ८ तारखेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं, ते खोटं निघालं. ग्रुपवर तोपर्यंत लाहोरही पडलं होतं. १० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबवण्याची घोषणा झाली तेव्हा पहिला मेसेज आला, "अजून दोन दिवस द्यायला हवे होते." टाकणारे तेच, टायरच्या ड्रमामागे रुतलेले साहेब. देशभर अशाच लोकांनी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आणि त्यांच्या कुटुंबाला इतक्या शिव्या घातल्या की त्यांना आपलं एक्सवरचं खातं बंदिस्त करावं लागलं. घोषणा वाचून दाखवली, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळे घरांवर पडत होते, साधी माणसं मेली, त्यात मुलंही होती. अजून दोन दिवस कोणाचे, हा माझा साहेबांना साधा प्रश्न आहे. तुमचे नाहीत, माझेही नाहीत. आपल्याला लागली असती तर आपण खांबाला हात लावून परत आलो असतो, म्हणजे टीव्ही बंद करून झोपलो असतो.

मेजरही त्या ग्रुपमध्ये आहेत. त्यांचा पुतण्या तेव्हा राजौरीकडे पोस्टिंगला होता. त्या चार दिवसांत त्यांचा ग्रुपवर एकच मेसेज आहे, ९ तारखेच्या सकाळचा. बी विंगची लिफ्ट बंद आहे, जिन्याचा वापर करावा.

त्यांच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पिढ्यान्पिढ्या घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं परत आली नाहीत, त्यांच्या स्मरणार्थ तिथे इंग्रजांनी बसवलेला शिलालेख आहे. अशा गावात संध्याकाळी पारावर युद्धाची चर्चा निघत असेल तर ती पहिल्या डावासारखी निघत असणार, माणसं आड धरून बोलत असणार. ते भित्रे असतात म्हणून नाही. त्यांच्याकडे बेसचा खांब नसतो.

मेजरांनी मला त्या दिवशी एक गोष्ट मात्र समजावली. मी प्लायवूडच्या फळीमागे बसलो होतो, तर म्हणाले, "सर, ही नजरेची आड आहे, गोळीची नाही. खरी गोळी यातून आरपार जाते. इथं चालतंय, पण सवय लावून घेऊ नका." मी म्हटलं, मेजर, मला कशाला लागणार आहे ती सवय. ते म्हणाले, "तेही खरंच."

आमच्या एचआरने पुढच्या आउटिंगसाठी पोल टाकलाय, पेंटबॉल की रिव्हर राफ्टिंग. मी पेंटबॉलला मत दिलंय. तुम्ही जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला, जीन्स घाला, काचेवर वाफ धरली तरी मैदानात मास्क वर करू नका, मार्शलला हाक मारून बाहेर जा आणि मग पुसा. जास्तीच्या गोळ्या आधीच विकत घेऊ नका, निम्म्या उरतात. आणि मार्शलला सांगून निदान एक डाव तरी एका गोळीत बाहेर जायच्या नियमाने खेळा. कंटाळवाणा होतो, पण खेळा.