एक वीत जागा

आमचे घर इस्लापूरच्या कडेला आहे. इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील गाव. जवळच पैनगंगा नदीवर सहस्रकुंडाचा प्रसिद्ध धबधबा आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. आमच्या भागात सागाचे जंगल आहे, म्हणून अंगणाला कुंपण नसेल तर भाजीपाला हाती लागत नाही. दिवसा शेळ्या आणि मोकाट गुरे येतात, रात्री रानडुकरे येतात. डुकरे एका रात्रीत रताळ्यांचा वाफा असा उकरतात, की सकाळी पाहणाऱ्याला तेथे नांगर फिरवला आहे असे वाटावे.

१९९५ साली मी नववीत होतो. त्या वर्षी मृगाच्या पहिल्याच पावसात आमच्या कुंपणाची एक बाजू आडवी झाली. या बाजूला आमचे आणि शेजारच्या काकांचे अंगण एकमेकांना लागून होते. अब्बा कामासाठी नांदेडला गेले होते. दादी म्हणाली, "अब्बा येऊ दे, मग बघू." पण मला धीर कुठला! चार खांब उभे करायचे आणि तार ओढायची, यात अवघड ते काय, असे मला वाटले. रविवारी सकाळी मी पहार, कुदळ आणि पक्कड घेऊन कामाला लागलो.

वाऱ्यामुळे कुंपण पडले असे मी धरून चाललो होतो. पडलेले खांब नीट पाहिले असते तर खरे कारण कळले असते. खांब वर चांगले होते, जमिनीच्या आत खोलवरही बरे होते. पण मातीच्या तोंडाशी कुजले होते. लाकूड नेहमी तेथेच कुजते, कारण तेथे त्याला ओल आणि हवा दोन्ही मिळतात. उरलेले काम वाळवीने केले होते. मी मात्र घरामागे पडलेली बाभळीची चार ओली लाकडे घेतली, साल न काढता त्यांच्या बुडाला डांबर फासले आणि खड्डे खणू लागलो. ओल्या लाकडाला डांबर लावले की आतली ओल आतच कोंडते आणि लाकूड आतून सडते. सालीखाली तर वाळवीला घरच मिळते. हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या खड्ड्यात मोठा दगड लागला. पहारीने तो हलेना. मी खड्डा थोडा बाजूला, काकांच्या अंगणाकडे घेतला. फार नाही, एक वीत. मग रांग वाकडी दिसू लागली, म्हणून बाकीचे तीन खड्डेही त्याच ओळीत घेतले. संध्याकाळपर्यंत कुंपण उभे राहिले. मला माझेच कौतुक वाटत होते.

दिवेलागणीला काका बैलगाडी घेऊन शेतातून आले. ते रोज मला पाहून "काय रे बाबू, जेवलास का?" असे विचारीत. त्या दिवशी ते कुंपणापाशी थांबले, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि एक शब्द न बोलता आत गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंकडून ताक आले नाही. तिसऱ्या दिवशी दादीने मला वाटी देऊन पाठवले. काकू म्हणाल्या, "आज घुसळलंच नाही रे." पण सकाळी घुसळण्याचा आवाज मी स्वतः ऐकला होता. रिकामी वाटी घेऊन मी परत आलो.

चौथ्या दिवशी आणखी वाईट घडले. कोपऱ्याच्या खांबाला मी टेकू दिला नव्हता. तार ताणली की ती कोपऱ्याचा खांब आत ओढते. म्हणून त्या खांबाला आतल्या बाजूने तिरपा टेकू द्यावा लागतो. माझा खांब झुकला, तार सैल होऊन गवतात लोळली आणि काकांच्या कालवडीचा मागचा पाय तिच्यात अडकला. ती जितकी ओढी, तितके काटे आत रुतत. काका पक्कड घेऊन धावत आले. मी कालवडीला धरले आणि त्यांनी तार तोडली. पायातून रक्त वाहत होते. काका मला रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुझे अब्बा कधी येणार हायत?" त्या प्रश्नाची मला जेवढी भीती वाटली, तेवढी माराचीही कधी वाटली नव्हती.

अब्बा शुक्रवारी आले. त्यांनी कुंपण पाहिले. मग गवत बाजूला करून जमिनीत रोवलेला एक दगड दाखवला.

"बेटा, हा हद्दीचा दगड. आधी तो कुठे होता?"

"कुंपणाच्या ओळीत."

"आणि आता?"

दगड आपल्या जागेवरच होता; पण आता तो आमच्या अंगणात आला होता. मी मान खाली घातली. 'हद्द' हा शब्द आपल्या उर्दूतही आहे आणि मराठीतही. त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे, हे मला त्या दिवशी समजले.

अब्बा चहासुद्धा न घेता मला काकांकडे घेऊन गेले. "दादा, पोराची चूक झाली. उद्या तुमच्यासमोर दोरी लावतो," ते म्हणाले. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाई, वीतभर जागेनं मी काही गरीब होत नाही. पण आज आपण गप्प बसलो, तर उद्या तुमची पोरं अन् माझी पोरं कोर्टात उभी राहतील." हे खरेच होते. हद्दीची खूण हलवणे किंवा मोडणे हा साधा खेळ नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यासाठी दंड सांगितला आहे. वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घेता येते. आमच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन हद्दीच्या दगडांमध्ये दोरी ताणली. खड्ड्यातला तो दगड काका आणि अब्बांनी दोन पहारींनी उचलून काढला. त्याला तासभरही लागला नाही! अब्बांनी वखारीतून सागाच्या वाळलेल्या बल्ल्या आणल्या, त्याही पावतीसह. कारण आमच्याकडे पावतीशिवाय साग घरात ठेवणे म्हणजे वनखात्याला आमंत्रण देणे. सागाचा आतला गाभा वाळवीला दाद देत नाही, पण बाहेरचा पांढरा भाग टिकत नाही. म्हणून साल काढून, बल्ली कोरडी करून मगच बुडाला डांबर लावले, आणि ते जमिनीच्या वर वीतभर येईल असे लावले. सहा फुटांची बल्ली दोन फूट आत गाडली. माती एकदम न लोटता थोडी माती, थोडा मुरूम असे थर देऊन प्रत्येक थर पहारीच्या बुडाने ठोकला. वर मातीचा उंचवटा केला, म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही. मी एक तार कडुलिंबाच्या झाडाला खिळ्याने ठोकली होती. अब्बांनी ती काढली. झाड वाढते, तार त्याच्या सालीत रुतते आणि शेवटी झाडही खराब होते, तारही. तारेचे तुकडे मात्र मला एकट्याला वेचायला लावले. एकोणीस निघाले.

काम चालू असताना एक सरडा पळत आला आणि खांबावर चढून बसला. काका हसून म्हणाले, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत!" ओसरीवरून दादी म्हणाली, "हमारे यहाँ कहते हैं, मुल्ला की दौड मस्जिद तक." दोघेही खूप हसले. त्या संध्याकाळी ताक आले.

पुढे मी कुंपणांविषयी मिळेल ते वाचू लागलो. आपण वापरतो त्या काटेरी तारेचे पेटंट अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ साली घेतले. त्याच काळात आपल्या देशात इंग्रज सरकारने मिठावरचा कर चुकू नये म्हणून शेकडो मैल लांब काटेरी कुंपण उभारले होते. आधी ते वाळलेल्या काट्यांचे होते. पण वाळवी, आग आणि वादळ यांनी ते सारखे मोडे. मग अ‍ॅलन ह्यूम या अधिकाऱ्याने बाभूळ, बोर, करवंद अशी जिवंत झाडे लावून घेतली. हेच ह्यूम पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. माणसांच्या ताटातले मीठ अडवणारे ते कुंपण १८७९ साली सोडून देण्यात आले.

आमच्या भागात काही जण डुकरांसाठी तारेत घरातली वीज सोडतात. ही सर्वांत भयंकर चूक होय. अशा तारेला चिकटून शेतकरी आणि त्यांची मुले मेल्याच्या बातम्या आजही येतात, आणि तो गुन्हाही आहे. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. त्यात बॅटरीवरच्या यंत्रातून क्षणभराचा झटका बसतो आणि मध्ये खंड पडतो, त्यामुळे तारेला चिकटून राहावे लागत नाही.

ह्यूमसाहेबांची युक्ती काकांना मात्र वाचनाशिवायच ठाऊक होती. त्याच पावसाळ्यात त्यांनी तारेच्या कडेने मेंदीच्या काड्या लावल्या. आता ती मेंदी माझ्या छातीएवढी झाली आहे आणि तार तिच्यात दिसतही नाही. ईदच्या आदल्या दिवशी आमच्या घरातल्या मुली या बाजूने पाने तोडतात, आणि नागपंचमीला काकांच्या नाती त्या बाजूने.