पाळणे

‘पाळणे’ हे मराठीतले मोठे बहुअर्थी क्रियापद आहे. कुत्रा पाळतात, तसाच शब्द पाळतात, वेळ पाळतात, पथ्य पाळतात, सुतकही पाळतात. पहिल्या उपयोगात पाळणाऱ्याची सत्ता दिसते. उरलेल्या सर्वांत त्याच्यावरचे बंधन दिसते. वर्गात हा फरक आम्ही दोघांनीही पुष्कळदा फळ्यावर मांडला. मात्र हे दोन अर्थ मुळात वेगळे करताच येत नाहीत, ही जाणीव आम्हांला एका शॅमेलिऑनने करून दिली.

टेक्सासात राहणारा आमचा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. घर बदलले, शाळा बदलली, आई-वडील दोघेही नोकरीत. मित्र एकही नाही. त्याला शॅमेलिऑन हवा होता. बहिणीने तोडगा काढला, “मामा-मामींनी सगळे वाचून ‘हो’ म्हटले तर आणू.” दोन मराठीच्या प्राध्यापकांवर अशी जबाबदारी यावी याचे हसू आले खरे, पण वाचणे हा तर आमचा धंदाच!

वाचक इथला असेल तर एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या झाडाझुडपांत आढळणाऱ्या शॅमेलिऑनला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे आणि घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्याला पाहावे आणि जाऊ द्यावे. भाच्यासाठी विचार चालला होता तो येमेन आणि सौदी अरेबियात मूळ असलेल्या, डोक्यावर उंच तुरा मिरवणाऱ्या ‘व्हेल्ड’ जातीचा. ही जात तिकडे अनेक पिढ्या बंदिवासातच वाढवली जाते.

निवडीचे नियम थोडे, पण कडक. रानातून पकडलेला प्राणी घेऊ नये. तो भेदरलेला असतो आणि बहुधा पोटात जंत घेऊन येतो. पिल्लू निदान तीन महिन्यांचे असावे. डोळे टपोरे आणि सतत फिरते हवेत. खोल गेलेले डोळे पाण्याची कमतरता सांगतात. पाय सरळ आणि फांदीवरची पकड घट्ट हवी. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने नर घ्यावा, कारण या जातीची मादी नराच्या सहवासाशिवायही अंडी घालते, आणि पुरायला ओली माती मिळाली नाही तर अंडी अडकून जिवावर बेतते.

पुढे येते ते पथ्य. पिंजरा उंच आणि जाळीचा, सुमारे चार फुटांचा, आत फांद्या आणि खरी झाडे. त्यात प्राणी एकच. दुसऱ्या शॅमेलिऑनचे नुसते दर्शनही त्याला सोसत नाही. वर ऊन खाण्याच्या जागी तीस अंशांच्या आसपास ऊब, आणि रात्री मात्र गारवा व पूर्ण अंधार. अतिनील किरणांचा दिवा हवाच. त्याच्यावाचून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे वाकतात. हा दिवा जळत राहिला तरी त्यातले किरण महिन्यांगणिक क्षीण होतात, म्हणून तो मुदतीत बदलायचा. खायला जिवंत नाकतोडे आणि रातकिडे. त्यांनाही आधी चांगला पाला खाऊ घालायचा आणि मग वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. वाटीतले स्थिर पाणी त्याला सहसा पाणी वाटतच नाही. पानावरचा थेंब तो पितो. म्हणून रोज फवारणी.

हे वाचताना आमच्या एका लाडक्या वाक्प्रचाराचा पाया डळमळला. ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ म्हणजे आपल्या लेखी लबाडी. पण शॅमेलिऑनचा रंग बव्हंशी लपण्यासाठी बदलत नाही. थंडी वाजली की तो उष्णता शोषायला गडद होतो. प्रतिस्पर्धी दिसला की उजळतो, भीतीने काळवंडतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली दाखवून दिले की, त्याच्या त्वचेच्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातले अंतर कमी-जास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. म्हणजे ज्याला आपण ढोंगी ठरवले, त्याला मनातले लपवताच येत नाही! आजार तेवढा तो लपवतो, कारण रानात दुबळा दिसला तो संपला. त्यामुळे पाळणाऱ्याला तो रोज वाचावा लागतो, एखाद्या अवघड संहितेसारखा.

अडचण निराळीच होती. भाच्याने फोनवर विचारले, “मामी, तो मला ओळखेल ना?”

या प्रश्नापाशी आम्ही अडलो. मुलाला सोबती हवा होता आणि हा प्राणी मूळचा एकलकोंडा. हातात घेतलेले त्याला आवडत नाही. फार तर तो सहन करतो. खाऊ देणारा हात त्याच्या सवयीचा होईल, पण दारात धावत येणे, मांडीवर झोपणे त्याच्याकडून होणार नाही. ‘हो, ओळखेल’ म्हणणे सोपे होते. आम्ही त्याला खरे ते सांगितले : “खाऊचा हात ओळखेल कदाचित, पण तुझा मित्र होणार नाही. तुला मात्र पाच-सात वर्षे रोज त्याचे करावे लागेल.” आणि बहिणीला वेगळे सांगितले की, मित्रांची उणीव पिंजऱ्याने भरणार नाही, त्याला शनिवारी मैदानावर ने.

त्याने आठवडाभर विचार केला आणि तरीही हवा म्हणाला. आज शॅमेलिऑनला तिथे तिसरे वर्ष चालू आहे. मुलाला मैदानावर दोन मित्र मिळाले. तरी सकाळी शाळेपूर्वीची फवारणी तो चुकवत नाही. परतफेडीची आशा नसताना कुणासाठी तरी वेळ पाळणे त्याला जमू लागले आहे, आणि ते आम्हांला मैत्रीइतकेच मोलाचे वाटते.