सुरतेतील शाईपेन-संग्रह : एका आरंभाचे टिपण

शाईपेनांचा संग्रह सुरू करणाऱ्याने पहिलेच पेन परदेशी आणि सोन्याच्या निबेचे घ्यावे, असा जो सल्ला जाणकार मंडळी सहज देऊन जातात, तो सुरतेसारख्या उष्ण आणि दमट शहरात तरी तपासून घेण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखकाचा आरंभ नेमका याच्या उलट, म्हणजे ड्रॉपरने शाई भरण्याच्या साध्या देशी एबोनाइट पेनाने झाला, आणि पेनाविषयीचे जे थोडेफार ज्ञान पदरी पडले, ते बहुतांशी त्या एका पेनाच्या गळतीने, खरखरीने आणि ते उघडून पुन्हा बसवण्याच्या उठाठेवीने दिले.

एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक मिसळून, ते मिश्रण बराच काळ तापवून केलेला कठीण पदार्थ. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने 1884 मध्ये आपल्या पेनाचे पेटंट घेतले, त्या काळात पेनांच्या नळ्या याच पदार्थाच्या असत आणि पुढे प्लॅस्टिक आल्यावरही चांगल्या पेनांच्या जिभांसाठी त्याचा मान टिकून राहिला. जीभ म्हणजे निबेच्या पोटाशी बसणारा, खाचा पाडलेला तुकडा. शाई तिच्यातील केसाएवढ्या खाचेतून केशाकर्षणाने निबेच्या चिरेपर्यंत उतरते आणि उतरलेल्या शाईच्या जागी तितकीच हवा नळीत चढते. पेन एबोनाइटचे आहे की नुसत्या काळ्या प्लॅस्टिकचे, हे ठरवण्यासाठी नळी सुती कापडावर जोराने घासावी आणि लगेच नाकाशी न्यावी; एबोनाइट असेल तर गंधकाचा उग्र वास येतो. गरम पाण्याने आणि उन्हाने काळे एबोनाइट हिरवट-तपकिरी पडते, म्हणून ते धुवावे थंड पाण्यानेच.

ड्रॉपरच्या पेनात वेगळी यंत्रणा नसते. नळी हीच दौत. सुरतेच्या उन्हाळ्याची खरी परीक्षा इथे सुरू होते. नळी भरलेली असते तेव्हा सारे सुरळीत चालते, पण शाई पाव नळीवर आली की उरलेल्या जागेतील हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते, शाईला खाली रेटते आणि जिभेच्या खाचांत न मावलेली शाई निबेच्या खांद्यावर ठसठशीत थेंब होऊन उभी राहते. तो थेंब पडायचा तो बहुधा सहीवरच पडतो. हा पेनाचा दोष नसून वायूचा स्वभाव आहे, एवढे कळले की उपायही आपसूक सुचतो: शाई अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये आणि नळीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. हा दुसरा उपाय आट्यांतून झिरपणाऱ्या शाईपुरताच आहे, निबेच्या थेंबावर त्याचा काही इलाज नाही. तरी दुकानदार दोन्हींची गल्लत सर्रास करतात. पावसाळ्यात त्रास उलट्या बाजूने येतो, कारण तेव्हा कागद सर्द होतो आणि उत्तम पेनाचीही शाई त्यावर फुटते.

या शहराने संग्राहकाला दिलेली खरी देणगी म्हणजे हिरेबाजारातील दहापट मोठे दाखवणारे भिंग, ज्याला त्या धंद्यात आयग्लास म्हणतात. महिधरपुऱ्याच्या गल्ल्यांत, जिथे व्यापारी रस्त्यावर उभे राहून कागदाच्या पुड्यांतील माल पाहतात, तिथे ते सहज मिळते. निबेच्या टोकाला इरिडियम, ऑस्मियम यांसारख्या धातूंच्या कठीण मिश्रणाचा कण जोडलेला असतो आणि चीर त्या कणालाही मधोमध दुभागते. भिंगाखाली दोन्ही पाती समपातळीत दिसली पाहिजेत. एक पाते किंचित वर राहिले तर निब एका दिशेने ओढताना गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत चालते. वरचे पाते नखाने हलकेच दाबून पुन्हा पाहणे, एवढीच ती दुरुस्ती. स्वस्त पोलादी निबेवर ती करून पाहण्याचे धाडस होते, सोन्याच्या निबेवर नवशिक्याचे नख उचलत नाही.

देशी पेनाला जो इतिहास चिकटलेला आहे, त्यातही सुरतेचा वाटा थोडका नाही. 1907 च्या डिसेंबरात तापीकाठच्या याच शहरात काँग्रेस दुभंगली, आणि त्या अधिवेशनातील जोडाफेकीच्या कथेमुळे विसरले जाते ते असे, की स्वदेशी आणि बहिष्काराच्या ठरावांचे काय होणार हा त्या भांडणाचा एक मुख्य मुद्दा होता. त्या विचाराला शाई-पेनांचे रूप यायला आणखी पाव शतक गेले: मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाईचा जो उद्योग आरंभला तोच पुढे कॅम्लिन झाला, तर राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी 1932 च्या सुमारास पेनांचा कारखाना काढला आणि त्यांच्या पेनाची पोच देणारे गांधीजींचे पत्र 1935 च्या जुलैत वर्ध्याहून गेले. सुरतेचा कवी नर्मद मात्र या सगळ्याच्या आधीचा. 1858 मध्ये नोकरी सोडून लेखणीवर जगण्याचा पण त्याने केला तो बुडवून लिहिण्याच्या लेखणीच्या भरवशावर, आणि वॉटरमनच्या पेटंटनंतर दोनच वर्षांनी तो वारला.

परदेशी पेनाचा मोह पुढे होतोच, आणि तो बहुधा पार्कर 51 चा असतो. 1941 मध्ये बाजारात आलेल्या या पेनाची निब एका आवरणाखाली झाकलेली असून टोकच तेवढे बाहेर डोकावते. अनेक देशांत त्याच्या नकला झाल्या आणि जुन्या बाजारात त्या अस्सल म्हणून खपतात. भिंगाने नळीवर कोरलेल्या अक्षरांच्या कडा तपासता येतात, पण निर्णायक पुरावा, म्हणजे नळीच्या आकाराची सोन्याची निब, त्या आवरणाच्या आत असते, आणि ते आवरण लाखेने चिकटवलेले असल्यामुळे बेताची ऊब दिल्याशिवाय सुटत नाही. किती ऊब बेताची, हे ज्या हाताने आधी साधी पेने उघडली आहेत त्यालाच कळते, आणि अशी परीक्षा विक्रेत्याच्या गल्ल्यावर कोणी करू देत नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाने ही खरेदी पहिल्या वर्षात न करता, एबोनाइटची पुरेशी पेने उघडून झाल्यावर केली.