पिल्लाची पिपाणी

ससा जन्मभर जवळजवळ मुका असतो. ओरडतो तो मरताना, आणि थेट तान्ह्या मुलासारखा. वायोमिंगमध्ये सेजब्रशच्या माळावर, फेब्रुवारीतल्या एका पहाटे, माझा शेजारी तोच आवाज बोटभर पिपाणीतून काढत होता. मेंढ्यांचा मोठा मालक, एरवी मितभाषी गडी. पिपाणीच्या आत पातळ पत्ती, वर अर्धी मिटलेली मूठ. मूठ उघडली की किंकाळी माळभर पसरते, मिटली की ससा दम तोडतो. टेक्सासच्या बर्नहॅम बंधूंनी १९५०च्या दशकात अशा पिपाण्यांचा चांगलाच प्रसार केला. आता रिमोटवर वाजणारे भोंगेही मिळतात, पण याला ते चालत नाहीत. फुंकणाऱ्याला धाप लागली पाहिजे, असं त्याचं मत. मलाही ते पटतं.

पिपाणी मात्र नंतरची, आधी वारा. गाडी टेकडीआड लावायची, दार आपटायचं नाही आणि बसायचं ते वारा तोंडावर घेऊन. ज्याला भुलवायचं तो कायोटी आपल्या कोल्ह्याच्याच कुळातला, पण कानावर त्याचा पुरता भरवसा नसतो. आवाजाच्या रोखाने तो निघतो, पण सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि नाकाने खात्री करून घेतो. शिकार हुकते ती बहुधा त्या वळशातच.

आधी आले मॅगपाय. मेजवानीची खबर पाखरांना लवकर लागते. मग ओढ्याच्या काठाने करडं काहीतरी हललं, थबकलं, पुन्हा पळालं. गोळीचा आवाज थंडीत फार कोरडा येतो.

मला वाटलं, झालं. त्याने दुसरी पिपाणी ओठांना लावली. आता केकाटत होतं ते पिल्लू. हे दिवस कायोटींच्या जोडीचे. एक पडला तर दुसरा जवळपास असतो आणि पिल्लाच्या रडण्याला तो कधीकधी मागे फिरतो. फिरलीही. मादी होती.

आपल्याकडे फासेपारधी तित्तराचा आवाज काढून तित्तर बोलावत. आपल्या हद्दीत कोण शिरला म्हणून नर तावातावाने येई. तिथे फसते ती ऐट, सशाच्या आवाजाला फसते ती भूक. या दोन्ही मला पचतात. पिल्लाच्या रडण्याला फसते ती माया मात्र पचेना, आणि मी ते बोलून दाखवलं.

"कोकरू नेलं की मेंढीही ओरडत फिरते," तो म्हणाला. "मे महिन्यात ये ऐकायला."

वायोमिंगमध्ये कायोटी मारायला परवाना लागत नाही, ठरलेला हंगामही नाही. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सननी सरकारी जमिनींवर विष घालायला बंदी केली, ती पुढे सैल झाली, आणि सरकारी माणसं आजही दरवर्षी हजारोंनी कायोटी मारतात. तरी हा प्राणी पसरतोच आहे. लांडगे संपवले तिथे तो शिरला, शिकागोच्या वस्त्यांत राहतो, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातही दिसतो. त्याचा वंश बुडेल, ही भीती नाही. माझी तक्रार संख्येची नव्हतीच.

थर्मासमधली कॉफी संपवून आम्ही पुढच्या टेकडीकडे निघालो. एकदा फसून निसटलेला कायोटी त्याच आवाजाला सहसा पुन्हा येत नाही, म्हणून जागा बदलत राहायची. चालता चालता मी त्याच्याकडे पिल्लाची पिपाणी मागितली. दिली त्याने. दुपारपर्यंतच, असं मात्र बजावलं.